हलका हात, जड काम

पेस्टल म्हटलं की आपल्याला दप्तरातली ऑइल पेस्टलची पेटी आठवते. ते तेलकट खडू जपानच्या साकुरा कंपनीनं १९२५ साली बाजारात आणले. त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून व्हेनिसमधली एक बाई कोरड्या, भुसभुशीत पेस्टलवर आपलं घर चालवत होती आणि युरोपातले राजेरजवाडे तिच्याकडून आपली चित्रं काढून घेत होते. रोझाल्बा कारिएरा तिचं नाव. चित्र काढणं हा पेशा म्हणून कसा करावा, असं कुणी विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवतो.

तिचा जन्म १६७३चा. वडील कारकून, आई लेस विणणारी. रोझाल्बाची सुरुवात झाली तपकिरीच्या डब्यांवर बसवायची, हस्तिदंतावरची चिमुकली चित्रं रंगवण्यापासून. रोमच्या सान लुका अकादमीनं १७०५ मध्ये तिला सदस्य करून घेतलं, तेही असंच एक लघुचित्र पाहून. भिंगाखाली शोभेल अशा त्या कामानं तिची नजर आणि मनगट तयार झालं होतं. पुढे पेस्टलमध्ये तिच्या कामी आली ती हीच तयारी.

पेस्टलकडे वळण्यात व्यवहाराची जाणही होती. त्या काळी कार्निव्हलच्या निमित्तानं श्रीमंत प्रवासी व्हेनिसला येत, त्यात इंग्रज तरुण पुष्कळ. तैलरंगात एक थर वाळला की दुसरा, असं थांबत थांबत जावं लागतं, आणि पाहुण्याचा मुक्काम तर ठरलेला. पेस्टलला वाळणं नाहीच. मोजक्या बैठकांत चेहरा उभा राहतो, आटोपशीर चित्र काचेखाली बसवलं की पाहुणा ते बरोबर घेऊन जाऊ शकतो.

लवकर होतं म्हणजे सोपं आहे, असं मात्र नाही. पेस्टलची कांडी म्हणजे रंगाची पूड, पांढऱ्या मातीची भर आणि जेमतेम आकार धरण्यापुरता डिंक. तैलरंगासारखी हवी ती छटा आधी पॅलेटवर कालवून, पारखून घेता येत नाही. कांडी उचलतानाच ठरवावं लागतं, आणि रंगांचं मिश्रण व्हायचं ते थेट कागदावर. त्या कागदालाही दाणा लागतो. सारवलेल्या अंगणात रांगोळी धरते, गुळगुळीत फरशीवर सरकते, तसंच हे. दाण्यातल्या खाचा एकदा भरल्या की वरचा रंग धरत नाही. घोटत बसलात तर चेहरा मळतो. कुठे थांबायचं, हे कळायला वर्षं जातात.

रोझाल्बा बहुधा निळ्या कागदावर काम करी. तो रंग मधल्या पट्टीचा, त्यामुळे उजेडही वर उठतो आणि सावलीही. गालाचा, कपाळाचा रंग ती हलक्या हातानं एकजीव करी. कपड्यांवरची लेस मात्र बघण्यासारखी. खालचा रंग पुरा झाल्यावर पांढरा खडू आडवा धरून अलगद ओढायचा. दाण्याच्या माथ्यांवर तेवढा पांढरा बसतो, खाचांतून खालचा रंग दिसत राहतो आणि झिरझिरीत कापडाचा भास होतो. मग ओल्या केलेल्या पांढऱ्या रंगाचे ठिपके नेमक्या जागी. लेसचे टाके तिनं लहानपणापासून घरात पाहिलेले. ते कुठे दाखवायचे आणि कुठे सुचवून सोडायचे, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

१७२० मध्ये ती पॅरिसला क्रोझा या धनाढ्य संग्राहकाकडे पाहुणी म्हणून गेली. तिथे तिनं दहा वर्षांच्या पंधराव्या लुईचं चित्र केलं, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या राजेशाही अकादमीनं तिला सदस्यत्व दिलं. १७३० मध्ये ती व्हिएन्नाच्या दरबारात गेली. सॅक्सनीच्या तिसऱ्या ऑगस्टसनं तिची दीडशेहून जास्त पेस्टल जमवली. त्यांतली सत्तरएक आजही ड्रेस्डेनमध्ये आहेत. त्यातच तिचं स्वतःचं एक चित्र आहे, हिवाळ्याच्या रूपातलं. अंगावर पांढरी फर, पिकलेले केस, थेट रोखलेली नजर. दुसऱ्यांचे चेहरे खुलवणाऱ्या या बाईनं स्वतःच्या चेहऱ्यावरचं वय लपवलेलं नाही. हाताशी बहीण जिओवान्ना असे. कामाच्या रगाड्यात तिची मदत मोठी. म्हातारपणी मोतीबिंदूनं रोझाल्बाची दृष्टी गेली, शस्त्रक्रियांनीही फार काळ उपयोग झाला नाही. १७५७ मध्ये ती वारली.

पेस्टल टिकत नाही, ही तक्रारही अर्धीच खरी. तेल नसल्यामुळे ते तैलचित्रासारखं पिवळं पडत नाही. त्याला भीती धक्क्याची, घासण्याची आणि ओलीची. पूड कागदाला धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह जास्त मारलं तर रंग काळवंडतात. म्हणून काच लावावी, ती कागदाला टेकू देऊ नये, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून चित्र लांब ठेवावं. एवढं केलं की पुरे.

हे सगळं लिहायचं कारण आजचं आहे. प्रदर्शनात पेस्टलचं चित्र दिसलं की गिऱ्हाईक विचारतं, किती वेळ लागला? दोन तास म्हटलं की किंमत पाडायला सुरुवात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, असं करू नका. रोझाल्बाच्या दोन-चार बैठकांमागे हस्तिदंतावरच्या बारीक कामाची कितीतरी वर्षं होती. चित्रकाराला दाम मोजायचे ते त्या वर्षांचे.