वह्या उघडा

मराठीत ‘मालक’ हा शब्द मोठा लवचीक आहे. कारखान्याच्या दारातला कामगार आत बसणाऱ्यांना मालक म्हणतो. हप्ते फेडून अंगणात मोटार उभी करणारा मध्यमवर्गीयही मालक म्हणवतो. आणि सरकारी खजिन्यातून एखादा बुडता उद्योग वाचविला गेला, की जनता त्याची मालक झाली असे व्यासपीठावरून सांगितले जाते. या तीन मालकांपैकी उद्योगाची खरी माहिती कोणाच्या हाती असते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते, आणि ते समाजवाद्यांच्याही सोयीचे नाही.

१६ सप्टेंबर १९०८ रोजी विल्यम ड्युरंट या घोडागाड्यांच्या कारखानदाराने ही कंपनी स्थापन केली. मिशिगन राज्यातील फ्लिंट हे गाव तिची कर्मभूमी. ड्युरंटला यंत्रांपेक्षा कंपन्या खरेदी करण्यात अधिक रस होता. ब्यूइकपासून आरंभ करून ओल्डस्मोबिल, कॅडिलॅक अशा कंपन्या त्याने ओळीने विकत घेतल्या. कर्जाचा डोंगर झाल्यावर १९१० मध्ये बँकांनी त्याला बाजूस सारले. शेवरोलेच्या बळावर १९१६ मध्ये तो परतला आणि १९२० मध्ये पुन्हा बाहेर पडला. त्यानंतर १९२३ मध्ये आल्फ्रेड स्लोन अध्यक्ष झाले, आणि आज ज्याला आधुनिक कंपनीचे व्यवस्थापन म्हणतात त्याचा पाया घातला गेला.

स्लोन यांची बुद्धी असामान्य होती हे मान्य केलेच पाहिजे. हेन्री फोर्ड त्या काळी एकाच घाटाची, काळ्या रंगाची, स्वस्त आणि दणकट मोटार विकत असे. पहिली मोटार घेणारे लवकरच संपतील आणि ज्याच्याजवळ मोटार आहे त्यालाच दुसरी विकावी लागेल, हे स्लोन यांनी ओळखले. त्यासाठी शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत ऐपतीप्रमाणे पायऱ्या रचण्यात आल्या. दरवर्षी गाडीचे रूप बदलू लागले. हप्तेबंदीने कर्ज देणारी कंपनी तर १९१९ मध्येच निघाली होती. १९२० चे दशक संपण्यापूर्वीच फोर्ड मागे पडला. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके गिऱ्हाइकाला राजा म्हणतात. येथे राजाने काय मागावे हे दरबारी ठरवू लागले. सुस्थितीत चालणारी गाडी तिच्या मालकाला जुनाट वाटू लागणे, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे यश होते.

या वैभवाची किंमत कामाच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्यांनी मोजली. पट्ट्याचा वेग मुकादमाच्या मर्जीवर आणि नोकरीही त्याच्याच मर्जीवर. संघटना बांधणाऱ्यांवर कंपनीचे हेर असत. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या दिला. बाहेर बसलेला संपकरी हुसकावता येतो, त्याच्या जागी दुसरा आणता येतो. यंत्राशेजारी बसलेल्याचे तसे करता येत नाही. जानेवारीत पोलिसांनी हल्ला केला तो कामगारांनी परतविला. स्त्रियांची पथके कारखान्याबाहेर पहारा देऊ लागली. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैनिक आणले खरे, पण कामगारांना बाहेर काढण्यासाठी त्यांचा वापर करण्याचे नाकारले. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जगातील सर्वांत बलाढ्य कंपनीने मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली.

ही लढाई कार्यकर्त्यांना ठाऊक असते. तिच्यानंतरची लढाई फारशी ठाऊक नसते, आणि मुद्द्याच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये वॉल्टर रॉयथर यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सच्या कामगारांनी पुन्हा संप पुकारला. मागणी होती ३० टक्के वेतनवाढीची. परंतु तिला जोडून एक अट होती : या वाढीसाठी मोटारींच्या किमती वाढवू नयेत, आणि हे परवडत नाही असे कंपनीचे म्हणणे असेल तर तिने हिशेबाच्या वह्या उघडून दाखवाव्यात. स्वतःच्या पगाराबरोबर गिऱ्हाइकाचीही बाजू मांडणारी अशी मागणी कामगार चळवळीच्या इतिहासात विरळाच. कंपनीने काय दिले आणि काय दिले नाही, हे पाहण्यासारखे आहे. ११३ दिवसांच्या संपानंतर ताशी साडेअठरा सेंटांची वाढ तिने दिली. वह्या उघडल्या नाहीत. १९५० च्या पंचवार्षिक करारात निवृत्तिवेतन आले, महागाईशी निगडित वेतन आले, आणि कामगाराचे घर सुखावले. ते सुख खोटे नव्हते. पण काय बनवावे, कसे बनवावे, काय किमतीला विकावे, हे प्रश्न त्या कराराने व्यवस्थापनाकडेच ठेवले. कामगाराने भाकरी जिंकली, पण वह्यांवरचा हक्क गमावला. पुढचे सारे अनर्थ त्या मिटलेल्या वह्यांतून निघाले.

पहिला अनर्थ शेवरोले कॉरवेअर या गाडीचा. १९६० सालासाठी काढलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते. मागच्या चाकांच्या आसाची रचना अशी होती की, वेगात वळण घेताना चाक आत दुमडून गाडी हातची जाण्याचा धोका संभवे. तो कमी करणारी दांडी खर्चाच्या हिशेबाने वगळली गेली. १९६४ सालच्या गाड्यांत ती आली, आणि १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. मधल्या काळात मालकाला एवढेच सांगितले होते की, पुढच्या चाकांत हवा पुष्कळ कमी आणि मागच्या चाकांत जास्त ठेवावी. हा आकडा नुसता सोयीचा नसून त्यावर जीव अवलंबून असू शकतो, हे त्याला कोण सांगणार?

राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहून ते सांगितले. कंपनीने उत्तर देण्याऐवजी त्याच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी वाहन सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. नेडरने खाजगी जीवनात ढवळाढवळ केल्याचा दावा लावला होता. १९७० मध्ये कंपनीने ४,२५,००० डॉलर देऊन तो मिटविला. हा पैसा ग्राहकांच्या चळवळीत गेला. न्यायबुद्धीने हेही नोंदविले पाहिजे की, १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांनी कॉरवेअर तिच्या काळातील तत्सम गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती असा निष्कर्ष काढला. यावर कंपनीचे समर्थक समाधान मानतात. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच निघतो की, दोष एका गाडीचा नसून त्या काळच्या साऱ्या धंद्याचा होता.

दुसरी घटना जीवघेणी नव्हे, पण बोधप्रद आहे. ओल्डस्मोबिल ही पायरी शेवरोलेहून वरची आणि तिचे ‘रॉकेट’ इंजिन नावाजलेले. १९७७ मध्ये ओल्डस्मोबिलच्या काही मालकांना शोध लागला की, आपल्या गाडीच्या पोटात शेवरोलेचे इंजिन आहे. खटले झाले, भरपाई द्यावी लागली. दोन्ही इंजिने चांगलीच होती, असे कंपनीचे म्हणणे. मग इतकी वर्षे अधिक पैसे कशाचे घेतले, हा मालकांचा प्रश्न होता. स्लोन यांनी रचलेल्या पायऱ्यांपैकी काही केवळ रंगविलेल्या होत्या, हे त्या वर्षी सामान्य गिऱ्हाइकाला कळले.

यानंतरचा अध्याय सार्वजनिक मालकीचा, आणि म्हणून समाजवाद्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकन सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले. जुलैमध्ये जुन्या कंपनीचे चांगले भाग घेऊन नवी कंपनी उभी राहिली आणि तिचे जवळजवळ ६१ टक्के भाग सरकारच्या नावे झाले. कॅनडातील सरकारांकडे आणि निवृत्त कामगारांच्या आरोग्यनिधीकडेही मोठा वाटा आला. कागदोपत्री पाहता जनता आणि कामगार मालक झाले होते. हा पैसा देणे चूक होते असे म्हणता येणार नाही. मंदीच्या ऐन भरात लाखो संसार त्यावर तगले. परंतु मालक झालेल्या सरकारने आरंभीच जाहीर केले की, दैनंदिन कारभारात ते लक्ष घालणार नाही. वह्या पुन्हा मिटलेल्याच राहिल्या.

त्या वह्यांत काय होते? शेवरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांत किल्ली फिरविण्याचा स्विच सैल होता. गुडघ्याचा धक्का लागला किंवा जुडगा जड असला, तर धावत्या गाडीत किल्ली मागे सरके. इंजिन बंद पडे, सुकाणू जड होई, आणि नेमक्या त्या क्षणी अपघात झाला तर एअरबॅगा उघडत नसत. मालकांच्या तक्रारी २००५ पूर्वीपासून येत होत्या. त्यावर विक्रेत्यांना सूचना गेली : गिऱ्हाइकाला सांगा, जुडग्यातील जड वस्तू काढून ठेव. पुढे स्विचची रचना गुपचूप सुधारली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे कोणालाच कळेना. सरकारी सुरक्षितता खात्यापुढे २००७ मध्ये हा विषय येऊनही चौकशी उघडली गेली नाही. अखेर जॉर्जिया राज्यात मुलगी गमावलेल्या एका कुटुंबाच्या दाव्यात, त्यांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने दोन स्विच शेजारी ठेवून फरक दाखविला. काँग्रेसच्या सुनावणीत बदली भागाची किंमत ५७ सेंट सांगण्यात आली.

तारखा ध्यानात घ्याव्यात. सरकारने आपला शेवटचा भाग डिसेंबर २०१३ मध्ये विकला. जनतेच्या पदरी सुमारे ११ अब्ज डॉलरचा तोटा आला. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सदोष स्विचच्या गाड्या परत बोलाविण्यास आरंभ झाला. म्हणजे जनता मालक असलेल्या सगळ्या काळात दोष जिवंत होता, कंपनीतील काहींना ठाऊक होता, आणि नव्या मालकाला त्याचा पत्ता नव्हता. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. २०१५ मध्ये ९० कोटी डॉलर भरून कंपनीने फौजदारी खटला टाळला. एकाही अधिकाऱ्यावर आरोप ठेवला गेला नाही. त्यावर कडी म्हणजे, दिवाळखोरीपूर्वीची देणी ‘जुन्या’ कंपनीची, ‘नवी’ त्यांना बांधलेली नाही, असा बचाव कंपनीने केला. ज्यांना दोष कळविलाच नव्हता त्यांचा हक्क असा बुडविता येणार नाही, हे वरिष्ठ न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावे लागले.

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. हीच कंपनी १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवू लागली आणि १९५४ मध्ये निघून गेली. नव्वदीच्या दशकात ती परतली आणि २००८ मध्ये तळेगावला तिचा कारखाना सुरू झाला. प्रवासी वाहतुकीत घरोघर ठाऊक झालेल्या तवेरा गाड्यांपैकी १,१४,००० गाड्या तिला २०१३ मध्ये परत बोलवाव्या लागल्या. प्रदूषणाच्या तपासणीत आपल्याच कर्मचाऱ्यांनी नियम मोडल्याची कबुली तिनेच दिली. कर्ज काढून तवेरा घेणाऱ्या चालक-मालकाला धुराचे आकडे कोण दाखविणार होते? २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात विक्री थांबविली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद केले. हजाराहून अधिक कामगार नोकरीच्या आणि भरपाईच्या प्रश्नासाठी न्यायालयाचे उंबरठे झिजवू लागले. कारखाना २०२४ मध्ये दुसऱ्या परदेशी कंपनीच्या ताब्यात गेला.

या साऱ्याचा निष्कर्ष ‘भांडवलशाही वाईट’ एवढाच काढला तर फ्लिंटपासून तळेगावपर्यंतचा प्रवास फुकट गेला असे म्हणावे लागेल. ते तर कार्यकर्त्यांना आधीच ठाऊक होते. ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, मालकी बदलल्याने माहिती आपोआप हस्तांतरित होत नाही. गाडीच्या मालकाला तिच्या किल्लीतला दोष माहीत नसतो. कामगाराला तो हाताला जाणवला तरी बोलण्याचा हक्क नसतो. आणि सरकार साठ टक्क्यांचे मालक होऊनही अजाण राहू शकते. माहितीवाचून मालकी म्हणजे केवळ बिल फेडण्याचा मान.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. सार्वजनिक पैसा ज्या उद्योगात जाईल, त्याच्या सुरक्षिततेच्या नोंदी जनतेला खुल्या असल्या पाहिजेत, आणि संचालक मंडळात कामगार व ग्राहक यांचे प्रतिनिधी मताधिकारासह असले पाहिजेत. दोष दाखविणाऱ्या कामगाराच्या वा अभियंत्याच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण हवे. भारतात सदोष वाहने परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्र सरकारला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने मिळाला आहे. तो कागदावर न राहता, स्वतःची प्रयोगशाळा आणि स्वतःचे तज्ज्ञ असलेल्या, उत्पादकांच्या दडपणापासून मुक्त अशा यंत्रणेच्या हाती गेला पाहिजे. आणि कामगार संघटनांनी वेतनाच्या वाटाघाटींत मालाच्या दर्जाचे कलम पुन्हा आणले पाहिजे. कारण ज्याच्या पगारासाठी आपण लढतो तोच संध्याकाळी कर्ज काढलेल्या गाडीत बायकामुलांना बसवून रस्त्यावर निघतो.

१९४५ च्या थंडीत फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मोटार कामगारांना हे उमगले होते. ती मागणी वेतनवाढ घेऊन सोडून दिली गेली. ५७ सेंटांच्या एका सुट्या भागाने त्या सोडून देण्याची किंमत किती होती ते जगाला दाखविले. वह्या उघडा, ही घोषणा जुनी आहे, पण ती अजून पुरी झालेली नाही.