मखरामागचे स्टायरीन

आमचेच सण आले की ज्यांना पर्यावरण आठवते, त्यांचा दुटप्पीपणा हिंदू समाजाने पुष्कळ सोसला आहे. म्हणूनच हा विषय त्यांच्या हाती न सोपवता आपणच बोललेला बरा.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकसमवेत थर्माकोलवरही बंदी आली. सजावटकारांनी त्या गणेशोत्सवापुरती सवलत मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती नाकारली. व्यावसायिकांचा माल अडकला होता, त्यांची अडचण खरी होती. परंतु थर्माकोलच्या बचावासाठी जेव्हा परंपरेची ढाल पुढे केली जाते, तेव्हा विचारावेसे वाटते, कोणती परंपरा? १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा या पदार्थाचा जन्मही झालेला नव्हता! केळीचे खुंट, कागदी फुले, आईचा जरीचा शालू एवढ्यावर आमच्या पिढीने बाप्पाची आरास केली. (रात्रभर खळ शिजवून पताका चिकटवण्याची मौज विकतच्या महिरपीत कोठून येणार?)

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, आणि ते बनते स्टायरीन या द्रवापासून. २०१८ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. तयार मखर देवघरात ठेवल्याने कोणी आजारी पडेल, असा कांगावा आम्ही करणार नाही. धोका आहे तो कारागिराला. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना निघणाऱ्या धुरात स्टायरीनची वाफ असते. तिने डोळे चुरचुरतात, डोके जड होते, भोवळ येते. लालबाग-परळच्या कोंदट खोलीत दार लावून रात्र-रात्र नक्षी कापणारा तरुण आपल्याच घरातला नव्हे काय? आणि एखादी ठिणगी पडली, तर हाच थर्माकोल काळा, घुसमटवणारा धूर ओकत पेटतो.

या द्रवाचे खरे रूप ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमने पाहिले. टाळेबंदीत बंद असलेल्या एलजी पॉलिमर्सच्या टाकीत स्टायरीनचा साठा पडून होता. थंड न ठेवल्यास स्टायरीनचे रेणू आपोआप एकमेकांना जुळू लागतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि ती उष्णता ही क्रिया आणखी वेगाने घडविते. आवरण्यासाठी घालावयाचे रसायनही तेथे पुरेसे नव्हते. टाकीतून वाफ सुटली. पायथ्याच्या वस्तीतील झोपलेली माणसे रस्त्यावर धावली आणि धावता धावता कोसळली. बारा जण दगावले. कारखाना दक्षिण कोरियाच्या कंपनीचा, स्टायरीन परदेशातून आणलेले. प्राण मात्र आपल्या माणसांचे गेले.

उत्सवाच्या रक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळांनी आपल्या सजावटकाराला यंदा एवढेच विचारावे: हे कशाचे केले, आणि कापताना खिडकी उघडी होती का?