सायकलीने माझ्या मापाचं व्हावं

फजरनंतर तासभर रोडबाईक चालवली की करंगळ्या बधिर व्हायच्या, मान आखडायची. मग पहिल्याच तासाला फळ्यावर उर्दू लिहिताना खडू निसटायचा. दोष होता स्टेमचा, म्हणजे हँडल सायकलीला जोडणाऱ्या त्या वीतभरही नसलेल्या तुकड्याचा. माझा ११० मिलिमीटरचा होता.

सोबतचे म्हणाले, "सवय होईल सर, आखूड स्टेम नवशिक्यांचा." मला हे पटत नाही. चाळिशी ओलांडलेल्या पाठीने सायकलीच्या मापात का बसायचं?

नवा घेण्याआधी जुनाच उलटा बसवून पाहा. सहा अंशांचा असेल तर हँडल दोनेक सेंटिमीटर वर येतं, फुकटात. माझी मान त्यानेच सुटली. हात मात्र ताणलेलेच राहिले, म्हणून ९० चा घ्यायचं ठरवलं. आखूड स्टेमने हँडल जरा चटकन वळतं, इतकंच.

लांबीत तडजोड चालते, पकडीच्या जाडीत नाही. माझं जुनं हँडल २६ मिलिमीटरचं, दुकानातला स्टेम ३१.८ चा. दुकानदार म्हणाला, "पत्र्याची पट्टी घालून आवळतो, काही होत नाही." काही होत नाही? घाटाच्या उतारावर ब्रेक दाबताना अंगाचा भार हँडलवर येतो. तिथे ते फिरलं तर?

तसाच परत आलो. २६ चाच मागवला, आठ दिवस थांबलो. त्यावर ५ न्यूटन-मीटर छापलं होतं. भाच्याकडून टॉर्कचा पाना आणून स्क्रू आळीपाळीने तेवढेच आवळले. अम्मी दारातून बघत होती. "एवढ्याशा तुकड्यासाठी आठ दिवस?"