पाठांतराचा अभिमान आणि शोधाची लाज

संगणकाच्या व्यवसायात केस पिकवलेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण असा एखादा गृहस्थ प्रत्येक कचेरीत असतोच, आणि नसला तर ती कचेरी अद्याप जुनी झालेली नाही असे खुशाल समजावे. नवी मुले कोड शोधण्याची साधने वापरताना दिसली की यांच्या कपाळावर आठी उमटते. त्यांची कैफियत थोडक्यात अशी: ज्याला येते त्याला शोधावे लागत नाही आणि ज्याला शोधावे लागते त्याला येत नाही, शोधपेटीत शब्द टाकून दहा ओळी उचलणारा मनुष्य म्हणजे गाइड वाचून परीक्षा उत्तीर्ण होणारा विद्यार्थी, खरा प्रोग्रामर तोच, ज्याला घनपाठ्याला वेद असावा तसा सारा कोडबेस मुखोद्गत असतो. याहून सखोल असे त्यांना काही म्हणायचे असल्यास त्यांनी ते कधी म्हटलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.

शोधाने नको त्या शंभर ओळी समोर येतात, ही त्यांची एक फुटकळ हरकत. तो दोष शब्द निवडणाऱ्याचा आहे. शोधाने माणूस आळशी होतो, ही दुसरी. ती करणारे गृहस्थ पहिल्या मजल्यावर जाण्यासाठी लिफ्टची वाट पाहत उभे असतात, एवढे नमूद करून मी पुढे जातो.

परंतु घनपाठ्याचा दृष्टान्त मात्र मला सोडवत नाही. कोडला ‘संहिता’ असा भारदस्त प्रतिशब्द आपल्याकडे कोणी तरी योजला, आणि मला संशय आहे की सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्या शब्दात आहे. वेदांची संहिता मुखोद्गत होऊ शकली ती मुळात अचल म्हणून. जटापाठ, घनपाठ या शब्दांना उलटसुलट गुंफणाऱ्या पाठपद्धती निर्माण झाल्या त्याच मुळी एकही अक्षर, एकही स्वर ढळू नये या हेतूने. आमची संहिता याच्या नेमकी विरुद्ध वृत्तीची आहे. सायंकाळी वाचून उठलेले फंक्शन सकाळी येऊन पाहावे तर ते दुसऱ्याच फाइलीत बिऱ्हाड करून बसलेले असते, त्याचे नाव बदललेले असते आणि त्याला एक नवा पॅरामीटर फुटलेला असतो. अशा स्थितीत ज्याला कालचा कोड तोंडपाठ आहे त्याला वस्तुतः कोड तोंडपाठ नसून कोडचा इतिहास तोंडपाठ आहे, आणि इतिहासाच्या पाठांतराचे वर्तमानकाळातील ज्ञान म्हणून मूल्य किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बरे, ज्यांचा दाखला आमचे स्नेही देतात त्यांनी तरी सूची तुच्छ मानली होती काय? ऋग्वेदाची १,०२८ सूक्ते ज्या परंपरेने कंठात सांभाळली, त्याच परंपरेत कात्यायनाच्या नावाने सर्वानुक्रमणी प्रसिद्ध आहे, आणि तिच्यात प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे. ज्यांना सर्व पाठ होते त्यांनाच सूचीची आवश्यकता भासली. ज्यांना काहीच पाठ नसते त्यांना ती कशाला लागेल?

ग्रेप या आद्य साधनाची जन्मकथाही आमच्या स्नेह्यांनी एकवार ऐकावी अशी आहे. ब्रायन कर्निहन यांनी सांगितलेली हकीकत अशी की बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना अमेरिकेच्या संविधानकाळातील फेडरॅलिस्ट लेखांपैकी कोणते कोणाच्या हातचे हे शब्दांवरून ताडून पाहायचे होते. पण तो सारा मजकूर एड नावाच्या संपादकाला आपल्या स्मृतीत एकदम घेता येईना. तेव्हा केन थॉम्पसन यांनी एडमधला शोधण्याचा भाग बाहेर काढून त्याचे स्वतंत्र साधन केले, आणि एडमधल्या ‘जी-आरई-पी’ या आज्ञेवरून त्याचे नाव ठेवले. हे १९७३ साली घडले. म्हणजे शोधाचे हे साधन जन्माला आले तेच मुळी मजकूर स्मृतीत मावेना म्हणून. आणि ती स्मृती एका यंत्राची होती, आमच्या स्नेह्यांची नव्हे, एवढाच फरक.

आता स्वानुभव. कर्जवसुलीच्या एका प्रणालीत थकीत दिवसांच्या स्तंभाचे नाव बदलायचे होते. मी शोध घेण्यासाठी हात उचलला, तोच शेजारून अधिकारवाणीने उत्तर आले, ‘तीनच ठिकाणी आहे, मला पाठ आहे, वेळ घालवू नकोस.’ वयाचा मान राखून मी हात खाली घेतला. तीन ठिकाणे बदलली, नवी आवृत्ती चढली, आणि मध्यरात्री नोटिसा छापणाऱ्या एका जुन्या स्क्रिप्टने कर्जदारांना पत्रे धाडली, ‘आपले खाते    दिवस थकीत आहे’. मधली जागा कोरी! दोन दिवस दूरध्वनी घणघणत होता. मग तोच शोध घेतला, त्याला एक सेकंदही लागला नाही, आणि चौथे ठिकाण समोर आले. ती ओळ कोणी लिहिली हे गिटच्या ‘ब्लेम’ या समर्पक नावाच्या आज्ञेला विचारले. तिने दाखवलेले नाव मी येथे देत नाही, ते आरंभीच न देण्याचे ठरले आहे.

शोध हे नवशिक्याचे लक्षण, असेही ऐकू येते. गूगलमधील २७ प्रोग्रामरांचे निरीक्षण २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात दर कामाच्या दिवशी माणशी सरासरी १२ शोध आढळले. ते सगळे नवशिके असतील, तर मलाही त्या पंक्तीत एक पाट मांडावा. याच धर्तीचा संपादकांचा वाद, म्हणजे मजकूर टंकण्याचे कोणते साधन श्रेष्ठ हा, आमच्या तरुणपणी पुष्कळ रंगला होता. तो मी पुन्हा उकरून काढीत नाही. विरुद्ध पक्षाने कंट्रोलची कळ दाबून दाबून करंगळी दुखवून घेतली, एवढी नोंद दप्तरी असली म्हणजे झाले.

राहिले मंडन. ते थोडेच आहे. मोठ्या कोडबेसवर झटपट शोध चालतो तो प्रत्येक फाइल वाचून नव्हे. ‘गणपतराव’ हा शब्द हवा असेल तर त्याचे ‘गणप’, ‘णपत’, ‘पतरा’, ‘तराव’ असे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडायचे, ज्या फाइलींत हे चारही तुकडे असल्याचे सूची सांगते तेवढ्याच उघडायच्या, आणि मग त्यांत खुद्द गणपतराव आहेत की नुसता पतरा आहे याची खातरजमा करायची. गूगलचा २००६ साली सुरू झालेला आणि पुढे बंद पडलेला कोडशोध याच तत्त्वावर चालत असे. शोध वाचनाची जागा घेत नाही, कोठून वाचावे ते सांगतो. गिटमध्ये ‘लॉग’ला मोठ्या एसचा पर्याय जोडला तर एखादा शब्द कोणत्या बदलात आला आणि कोणत्या बदलात गेला, हेही कळते, ज्यांना इतिहास प्रिय आहे त्यांनी तो तेथे वाचावा.

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाच्या पदरात टाकली पाहिजे. जे नाव कोठेच सलग लिहिलेले नाही ते कोणत्याही शोधाला सापडत नाही. कोणी तरी हुशारीने ‘ओव्हरड्यू’ आणि ‘डेज’ असे दोन तुकडे चालत्या प्रोग्राममध्ये जोडून स्तंभाचे नाव बनवतो, आणि ग्रेप त्याच्या शेजारून निघून जातो. म्हणून नाव लांबलचक झाले तरी सलग लिहावे, असा माझा आमच्या मुलांना आग्रह असतो. तो ती निम्म्या वेळा मानतात. आमच्याच प्रणालीत त्या स्तंभाचा शोध आज दहा ओळी दाखवतो. अकरावी, तुकडे जोडून बनणारी, तो दाखवत नाही. ती कोणत्या फाइलीत आहे, हे तूर्त मला तोंडपाठ आहे.