सतरंज्या उचलणारा जिल्हा

मराठीत ‘सतरंज्या उचलणारा’ ही जवळपास शिवीच आहे. नेता भाषण ठोकून निघून जातो, कार्यकर्ता मागे सतरंज्या गुंडाळत बसतो. मी यवतमाळचा. मला वाटतं, ही शिवी आमच्या अख्ख्या जिल्ह्याला लागू पडते. कापूस आम्ही पिकवायचा, सभा दुसऱ्याची.

इथली नवी ऑफिसं, हॉटेलं, पतसंस्थांची सभागृहं बघा. काच, एसी, फॉल्स सीलिंग आणि पायाखाली कार्पेट टाइल्स. नायलॉनचे नाहीतर पॉलिप्रॉपिलिनचे चौकोन, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला धागा. गावाबाहेर कापसाची शेतं आणि गावात प्लास्टिकचे गालिचे. वर याला ‘प्रीमियम’ म्हणायचं!

‘आपल्याकडे विणकर कुठे आहेत?’ हे उत्तर मला आता पाठ झालंय. विणकर ऑर्डरमुळे टिकतात, राव. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या सुमारे ९०० कारागिरांनी सभागृहांच्या मापाचे गालिचे विणले. लोकसभेत मोर, राज्यसभेत कमळ. एकूण ३५,००० चौरस फूट, सुमारे ६० कोटी गाठी. भदोहीत लोकर बाहेरून येते, तरी गालिचा भदोहीचाच म्हणवतो. त्याच संसदेसाठी सागवान गेलं नागपूरहून. विदर्भाने लाकूड द्यायचं, कापूस द्यायचा आणि टाळ्या वाजवायच्या.

शेजारच्या तेलंगणात वरंगळच्या सुती सतरंजीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. सतरंजीला लांब धाग्याचा महागडा कापूस लागत नाही, जाड सूत चालतं. हातमागावर ताणा लावायचा, बाणा भरायचा, पंजाने ठोकायचा. नक्षी, रंग, लांबी सगळं गिऱ्हाइकाच्या मनासारखं. वर ती दोन्ही बाजूंनी वापरता येते.

‘सुती लवकर झिजते, डागाळते.’ खरं आहे. दिवसभर वर्दळ असलेल्या लॉबीत ती घालूच नका, तिथे फरशी बरी. पण मीटिंग रूम, वाचनालय, क्लिनिकची वेटिंग रूम, होमस्टे? तिथे काय अडचण आहे? अडचण एवढीच की सतरंजी म्हटलं की आपल्याला कीर्तन आणि प्रचारसभा आठवते. तीच सतरंजी ‘फ्लॅटवीव्ह रग’ नावाने ऑनलाइन दिसली की आपण लगेच कार्टमध्ये टाकतो.

कापूस उत्पादकांबद्दल हळहळणाऱ्या पोस्ट आपण भरपूर शेअर केल्या. हळहळीने माग चालत नाही. तुमच्यापैकी कुणी कॅफे काढेल, कुणी क्लिनिक, कुणी आर्किटेक्ट होऊन टेंडर लिहील. त्या कागदावर एक ओळ घाला: सुती सतरंजी, हातमागाची, खोलीच्या मापाची, विदर्भात विणलेली. पहिल्यांदा विणकर शोधायला महिना जाईल. दहा जणांनी ऑर्डर दिली, तर अकराव्याला शोधावं लागणार नाही.