अध्यक्षाच्या आसनावर



देशभक्ताची थोरवी आपण बहुधा त्याच्या भाषणांवरून मोजतों. मला मात्र वाटतें कीं, तिची खरी कसोटी अधिकार हातीं आल्यावर लागते. याचें उदाहरण शोधण्यास आपणां श्रीगोंदेकरांना दूर जावयास नको.

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यांत ऑगस्ट १९४२ पासून पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृति काँग्रेसचे पुढारी स्थानबद्ध होते. पुढें चारच वर्षांनीं, १९४६ सालीं, त्याच नगरचे एक वकील व काँग्रेसचे कार्यकर्ते, कुंदनमल शोभाचंद फिरोदिया, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९५२ पर्यंत ते त्या आसनावर होते.

हें आसन मोठें कठीण! पक्षाच्या बळावर निवडून यावयाचें आणि आसनावर बसतांच पक्ष विसरावयाचा. वादांत स्वतःचें मत सांगावयाचें नाहीं. मत द्यावयाचें तें दोन्ही बाजूंचीं मतें समसमान झालीं तरच. १९४८ चा कुळकायदा याच काळांत झाला. जमिनीचा मालक व ती कसणारें कूळ, दोघांच्याही पोटाचा तो प्रश्न. अशा वेळीं बहुमताला आवरून विरोधकासही पुरतें बोलूं देणें हें अध्यक्षाचें कर्तव्य. पुढें १९६२ ते १९७२ याच जिल्ह्यांतील बाळासाहेब भारदे यांनीं महाराष्ट्र विधानसभेंत तेंच आसन सांभाळिलें.

कोणी विचारील, स्वातंत्र्यासाठीं झगडलेल्या माणसानें असें मौन कां धरावें? माझें उत्तर असें: आपणांस बोलतां यावें म्हणून लढणें हा स्वातंत्र्याचा पूर्वार्ध; न पटणाऱ्यासही बोलूं देणें हा उत्तरार्ध. दुसऱ्यावांचून पहिला व्यर्थ होय.

हें मी अनुभवानें सांगतों. एका वादविवाद-सभेंत मी अध्यक्ष असतां, माझ्या मताविरुद्ध बोलणाऱ्या मुलाची घंटा मीं वेळेआधीं वाजविली. तो निमूटपणें खालीं बसला. त्याचा तो चेहरा मीं अजून विसरलों नाहीं.

मुलांनो, वर्गनायक व्हाल तेव्हां मित्राची व प्रतिस्पर्ध्याची चूक एकाच मापानें मोजा. आणि पालकहो, घरांतील लहानग्याचें बोलणें एकदां तरी शेवटपर्यंत ऐका. उद्यांचे अध्यक्ष तेथेंच घडत असतात.