पाय दिसले पाहिजेत!

माघातली चतुर्थी जवळ आली, की आमच्या मोरगावात दोन ठिकाणी गडबड उडते. एक मयूरेश्वराच्या देवळात आणि दुसरी आमच्या शाळेत! तिकडे यात्रेची तयारी, इकडे स्नेहसंमेलनाची. आमच्या स्पीकरचा आवाज पार कऱ्हेच्या काठापर्यंत येतो, असं लोक सांगतात. ते कौतुक असतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

तर दोस्तांनो, मागच्या वर्षी मी चौथीच्या आठ मुलींचं शेतकरी नृत्य बसवत होते. पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, ‘‘सगळ्यांनी एकसारखी शिवलेली नऊवारी भाड्यानं आणायची. अडीचशे रुपये जमा करा.’’

तिसऱ्या दिवशी त्यातली सगळ्यात छान नाचणारी मुलगी मान खाली घालून म्हणाली, ‘‘बाई, मला नाही नाचायचं. पाय दुखतोय.’’

मधल्या सुट्टीत पाहते तर काय! कडुनिंबाखाली ती एकटीच सगळा नाच करत होती. एकही पाऊल चुकत नव्हतं. दुखरा पाय कधी असा नाचतो का?

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजी म्हणाली, ‘‘पाय कशाचा दुखतोय बाई! घरात भाड्याचं पैसं मागायला नगं, म्हणून गप बसलीया ती.’’

मला फार लाज वाटली. नाच बसवताना मी पावलं मोजली होती. घरातली अडचण मात्र पाहिलीच नव्हती. तेवढ्यात आजीनं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. ‘‘ह्ये चालंल का? पर शिवलेलं न्हाई. नेसावं लागंल.’’

खरं सांगू? मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही. सात जणी झगमगीत कपड्यांत आणि ही एकटी जुन्या लुगड्यात, कसं दिसेल? ‘उद्या सांगते’ म्हणून मी घरी आले. रात्री नाचाच्या पोशाखांविषयी जे काही वाचलं होतं, ते सगळं एकेक करून आठवू लागले. तेच आज तुम्हांला सांगते.

बॅले हा शब्द तुम्ही ऐकला असेल. युरोपातला हा नाच. त्यात पुष्कळदा एक शब्दही न बोलता गोष्ट सांगतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः बॅले नाचायचा. १६५३ साली त्यानं त्यात सूर्याचं सोंग घेतलं होतं. पण त्या काळचे दरबारी पोशाख म्हणजे अंगावरचं ओझंच! बायकांचे घागरे जमिनीपर्यंत. पायांत टाचेचे बूट. पाय दिसायचेच नाहीत, मग पावलं कोण बघणार?

पुढे अठराव्या शतकात मारी कामार्गो नावाची नर्तकी पॅरिसमध्ये गाजली. तिच्या पायांत विजेची चपळाई होती. ती चपळाई लोकांना दिसावी म्हणून तिनं घागरा घोट्याच्या वर घेतला. लोकांनी नाकं मुरडली. आज ऐकून हसू येतं, नाही का? काही बोटं कापड कमी केलं, तर केवढा गहजब!

त्यानंतर १८३२ साली मारी तालिओनी ही नर्तकी पांढऱ्या, पातळ, घंटेसारख्या घेरदार पोशाखात चवड्यांवर नाचली. जणू हवेत तरंगणारी परीच! मग सगळ्यांना तसाच पोशाख हवासा झाला. पण सुंदर पोशाख नेहमी सुखाचा असतोच असं नाही. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत. १८६२ साली एमा लिव्री या तरुण नर्तकीचा घेरदार पोशाख तालमीच्या वेळी दिव्यावर पेटला. कापड लवकर पेटू नये म्हणून एक द्रावण लावता येत असे. पण त्यानं कापड ताठ आणि मळकट दिसतं, म्हणून तिनं ते नाकारलं होतं. पुढच्या वर्षी ती बिचारी गेली. दिसण्यासाठी केवढी मोठी किंमत!

मग आली अमेरिकेची इझाडोरा डंकन. तिनं बॅलेचे बूट काढले, पोट आवळणारा पट्टा काढला आणि साध्या सैल झग्यात, अनवाणी नाचू लागली. आधुनिक नृत्याची सुरुवात करणाऱ्यांत तिचं नाव घेतात. अनवाणी नाचण्यात आपल्याला काय नवल? आपल्याकडे लावणी असो की भरतनाट्यम, घुंगरू बांधायचे ते अनवाणी पायांतच.

आणि हे सगळं लांबच्या देशांतच झालं असं समजू नका बरं का! मादाम मेनका या नावानं प्रसिद्ध असलेल्या लीला सोखी यांनी कथकमधून पूर्ण गोष्ट सांगणारी नृत्यनाट्यं बसवली. १९३६ ते १९३८ या काळात त्या आपला संच घेऊन युरोपभर फिरल्या. पुढे आपल्या खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. मुंबईत जन्मलेल्या दमयंती जोशी त्यांच्याच शिष्या. कथक नाचताना चुडीदार-अंगरखा किंवा घागरा-ओढणी घालायची पद्धत होती. त्यात साडी आणण्याचं श्रेय दमयंतीबाईंना दिलं जातं. म्हणजे बघा, तिकडे जुनं सोडलं ते नवं ठरलं आणि इथे रोजची साडी हेच नवं ठरलं!

आता आपल्या नऊवारीकडे पाहा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ना शिवण, ना बटण. कमरेला गाठ, पुढे निऱ्या आणि मागे खोचलेला काष्टा. दोन्ही पाय मोकळे. त्यातच बायका शेतात राबल्या, फुगड्या खेळल्या आणि लावणीही नाचल्या. कामार्गोला घागरा वर घ्यावा लागला. आपल्या आज्यांनी हा प्रश्न काष्टा घालून केव्हाच सोडवला होता!

सकाळी मी वर्गात सांगितलं, ‘‘भाड्याचे कपडे रद्द. घरी असेल ते घालायचं. शिवलेलं चालेल, नेसलेलंही चालेल.’’

एका आईनं विचारलं, ‘‘बाई, नेसलेलं नाचताना सुटलं तर?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही मैदानावर परीक्षाच घेतली. वीस उड्या! दोघींचे काष्टे सुटले आणि हशा पिकला. मग आजीच शाळेत आली. तिचं लुगडं मध्ये विरलं होतं, म्हणून तेवढा भाग कापून दोन तुकडे जोडलेले होते. या जोडाला ‘दंड’ म्हणतात. आजीनं दंडाची शिवण उसवली. नातीला अर्धं लुगडं पुरेसं झालं. मग गाठ कुठे मारायची, काष्टा किती घट्ट खोचायचा, हे तिनं सगळ्यांना दाखवलं. पुन्हा वीस उड्या. एकीचंही सुटलं नाही!

संमेलनात पाच जणी नेसून आल्या, तिघी शिवलेलं घालून. आठ जणींचे आठ रंग. मध्येच एकीचा पदर निसटला. तिनं तो झटकन कमरेला खोचला आणि ताल न चुकवता ती नाचत राहिली. सर्वांत जास्त टाळ्या तिथेच पडल्या. आजी पहिल्या रांगेत होती. नातीचा ‘दुखरा पाय’ तिच्या इतका नीट कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

तेव्हापासून मी पोशाख ठरवण्याआधी दोनच प्रश्न विचारते. यात नीट नाचता येईल का? आणि सगळ्यांना नाचता येईल का? पोशाख जुना की नवा, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता तुमच्यासाठी काम. घरात आजी, आत्या, मावशी कोणीही असो, लुगडं कसं नेसतात ते शिकून घ्या. मुलांनो, तुम्हीसुद्धा! धोतर नेसणारे आजोबा असतील, तर त्यांनाही विचारा. मग वीस उड्या मारून पाहा. सुटलं तर हसा आणि पुन्हा नेसा.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठी एकच. मूल अचानक ‘मला नाही नाचायचं’ म्हणालं, तर आधी त्याच्या पायाकडे बघा. मग आमच्या सूचनांच्या कागदाकडे बघा. आणि तो कागद चुकला असेल, तर आम्हांला येऊन सांगा. आम्ही बाईसुद्धा शिकतच असतो!